तळाची बांगडी

मागच्या वैशाखात फुटलेली बरणी
वरून अगदी धड दिसत होती.
उचलली, तर तळ ओट्यावरच राहिला,
गोल, कुणी दोऱ्याने कापावा तसा,
काचेची एक जाड बांगडी.
आणि दीड किलो रस
शहाबादीवरून मोरीकडे निघाला
कुणाला न विचारता.

पालच्या बाजारातले गावरान आंबे होते.
केस कोयीला घट्ट,
दोन दुपारी पिळून मनगटं भरून आलेली.

भिंतीपलीकडून वाघुळदेमामांनी विचारलं,
"कितवी?"
"तिसरी."
चप्पल सरकवत आले.
भुसावळच्या शेडमध्ये सगळी नोकरी,
सुरुवातीची वर्षं वाफेच्या इंजिनांवर.
तळ उजेडात धरला,
आजारी माणसाची जीभ बघावी तसा बघितला.
"हे आपटून नाही फुटलं, कुमुद.
हे भिऊन फुटलं."

मग ओट्याला हात लावला. ओला.
नुकताच पुसला होता मी,
माठाच्या पाण्याने.

"गार इंजिनाले एकदम आग दिली
त नळ्या गळाले लागतात.
रातभर हयूहयू तापवा लागे.
काचीले बी आधी सांगा लागते बापा,
ऊन येऊन राहिलं म्हणून."

यंदा सांगितलं.
बरण्या आधी कोमट पाण्यात बसवल्या,
मग थोड्या अजून गरम, मग अजून.
नखाने एकेकीला वाजवलं.
एकीचा आवाज बसका आला,
दिसायला कुठे रेघ नाही,
तरी तिला जाड्या मिठासाठी बाजूला काढलं.
पातेल्याच्या बुडाला जुन्या धोतराच्या चार घड्या,
दोन बरण्यांच्या मध्ये एकेक फडकं,
म्हणजे पाणी उकळायला लागलं
तरी एकमेकींना धक्के मारणार नाहीत.
रस गरम, बरणी गरम,
पळीसुद्धा गरम पाण्यातून काढलेली.

अवघड गेली ती वरची बोटभर जागा.
आमच्याकडे वाटी
काठावरून सांडली नाही
तर वाढणाऱ्याचं मन लहान म्हणतात.
हात आपोआप पुढे गेला भरायला.
मामा दारातच उभे होते.
"वाफेले बसाले जागा दे थोडी."
हात मागे घेतला.

बाहेर काढल्या त्या लाकडी पाटावर,
पाटावर गोधडी,
आणि मी कूलर बंद केला.

सेहेचाळीस अंश.
पेपरात पहिल्या पानावर सूर्याचं चित्र,
लाल घाम गाळणारा,
आणि घरात कूलर बंद.
ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं,
एकदा गोधडीवर बसलेल्या बाराजणींकडे.
"ह्या पाहुण्या केव्हा जाणार?"
"निवल्या की."
ओला टॉवेल डोक्यावर घेऊन
निंबाखाली जाऊन बसले बिचारे.
धाकटा तर म्हणाला,
मी तापलो तेव्हा एवढं नव्हतं कुणी केलं.
खोटं आहे ते. पण बोलले नाही,
हात फडक्यात होते.

संध्याकाळी पहिलं झाकण आत बसलं.
टक्.
चिमणीने दाणा टिपावा एवढाच आवाज.
मग बऱ्याच वेळाने दुसरं.
मग लागोपाठ तीन, जणू ठरवून.

रात्री सगळे गच्चीवर गेले, पाणी मारून.
मी स्वयंपाकघरातच आडवी झाले,
फरशी अजून तव्यासारखी,
मोजत राहिले.
अकरा झाल्या. बारावी गप्प.

साडेबाराला भिंतीपलीकडून खोकला आला,
त्यामागून आवाज,
"एक राहिली ना?"

झोपले नव्हते तेही.
म्हणजे त्या पातळ भिंतीतून
टक् ऐकत होते एकेक.

"राहिली."

"राहू दे. तिले धरून नको बसू.
उद्या सकायीच खाऊन टाकू."

सकाळी झाकणाला बोट लावलं,
दबलं आणि वर आलं.
तीच फोडली. म्हणजे उघडली.
मामांची वाटी आधी भरली,
सवयीने काठोकाठ,
आणि उंबरठ्यापाशी
थोडी सांडली.