भाडेकरूचं क्रियापद

तिसऱ्या पानावर फक्त ओला कोट.
क्लीथॉर्प्सच्या एका बोर्डिंग हाउसात, खुंटीवर,
खाली फरशीवर थेंबांचं तळं.
एकोणिसाव्या पानावर माडीवरून खोकला, दोनदा.
मग पार एकाहत्तरपर्यंत काही नाही,
नुसती मिसेस पॉडमोर आणि तिचा अंड्यांचा हिशेब;
आणि अचानक, लोण्याच्या सुरीवर एक हात,
अंगठ्याला जुनी भाजल्याची खूण.

मॉरीन हॅलमनं माणूस उकललाय
ओहोटी इथला किनारा उकलते तसा:
आधी नुसता चिखल, मग एक खुंट,
मग बरगड्या,
मग कळतं, अरे, ही तर होडी होती.

इंग्रजीला हे परवडतं.
तिथे 'केम' म्हटलं की कुणीही आत येतं,
कोट काढतं, जिना चढतं,
कुणी हटकत नाही.
माझ्या मराठीत उंबऱ्यातच चौकशी:
आला, की आली?

तीन आठवडे ग्रिम्झबीच्या वाचनालयात,
हीटरशेजारच्या टेबलावर,
भाडेकरूला मी अकर्मक क्रियापदांपासून लपवलं.
दार उघडलं. कोट टांगला. पाव कापला.
सगळी कर्मं पुढे, कर्ता पडद्याआड.
चहा पिऊ दिला नाही, नुसता कप संपवला.
'येई', 'जाई' करून पाहिलं,
पण त्यानं ते रोजचं झालं,
आणि हे येणं तर एकदाच घडलेलं.
हसणं गेलं. रडणं गेलं. झोपही.
विसरणंसुद्धा जमेना (विसरला, की विसरली?)
म्हणून माझ्या भाडेकरूला
सगळं आठवतच राहिलं,
जे मूळ पुस्तकात नाही.

शेवटी मॉरीनला गाठलं, प्रोमेनाडवरच्या कॅफेत.
वय अठ्ठ्याहत्तर. कुत्र्याच्या कानात थेंब घालत होती.
विचारलं, तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?
छे, म्हणाली. मला खोकला माहीत होता.
बाकीचं पॉडमोरबाईला दिसलं तेव्हा मला दिसलं.
आणि चिप्सवर व्हिनेगर ओतलं, भरपूर.

एकशे त्रेचाळीसाव्या पानावर
मिसेस पॉडमोर एक खुर्ची पुढे सरकवते.
इंग्रजीत तिथे पहिल्यांदा सर्वनाम येतं.
मराठीत त्याचीही गरज नाही.
'बसली.'
एवढंच लिहिलं.
ल-ला एक दीर्घ वेलांटी,
खुंटीवरून कोट काढून घ्यावा, तशी.

आणि मग ध्यानात आलं,
इतकी पानं या बाईला मी
उभंच ठेवलं होतं.
दारं उघडायला लावली, ट्रंक उचलायला लावली,
पाठ एकदाही टेकू दिली नाही.

चार वाजताच अंधार.
ग्रंथपाल पलीकडचे दिवे मालवत होता.
पेनाला टोपण लावलं,
'पाच मिनिटं' असं त्याला खुणेनं सांगितलं,
आणि तिच्यासोबत मीही
जरा बसून राहिले.