सरकून घ्या

चार तलंगा आणल्या पेणच्या बाजारातून,
पाय बांधून, पिशवीत, मांडीवर.
घणसोली गावठाणात माझ्या घरामागे
बारा बाय नऊचं अंगण,
तीन बाजूंनी चार-चार मजले,
चौथ्या बाजूला भिवरीबायची मोरी.
तिथे आधीच सहा कोंबड्या,
त्यात एक मुकादमीण.

हे नाव मी ठेवलेलं नाही,
तिनेच ठेवून घेतलं.
पाणी आधी तिचं, सावली तिची,
संध्याकाळी दांडीवर भिंतीकडचं टोक तिचं.
कुणी तिथे बसलंच
तर ती ओरडत नाही,
नुसती मान वर करते.

पहिले आठ दिवस मधे जाळी.
तिकडून त्या, इकडून ह्या,
एकमेकींना बघत, एकेका डोळ्याने.
कोंबडी समोरून बघतच नाही,
हे एवढ्या वर्षांत आत्ता कळलं.
दोन भांडी दाण्याची, दोन पाण्याची.
वाटलं, झाली ओळख.

जाळी काढली त्या सकाळी
धुरळा, पिसं, आणि हातात चप्पल घेऊन धावणारा मी.
सत्तावीस वर्षं परिवहनच्या बसवर कंडक्टर होतो.
"सरकून घ्या, पुढे जागा आहे"
लाखभर वेळा म्हटलं असेल,
आणि पुढे जागा असायचीच असं नाही,
पण माणसं सरकायची.
कोंबड्या सरकत नाहीत.

"रातीला ठेव रं," भिवरीबाय मोरीतून म्हणाली,
"कालोखान ठेव दांडीवर.
सकाली उठतील तं वाटंल, ह्या आपल्याच.
कोंबरीला काय मोजाला येतं?"

ठेवल्या.
एकेक उचलून, छातीशी धरून,
अंधारात हाताने दांडी चाचपत.
गरम, हलक्या, नुसती धडधड.

सकाळी तिसऱ्या मजल्याच्या ग्रिलमधून
भाडेकरूंचा लोकेश ओरडला,
"काका, नव्या तीनच दिसतायत!"
जूनमध्ये जळगावकडून आलाय, शाळा नवीन,
सुटीच्या दिवशी गजांना चिकटून आमचं अंगण मोजतो.
चौथी होती पाण्याच्या पिंपामागे,
डोकं कोपऱ्यात खुपसून,
पाठ उघडी, लाल.
लाल दिसलं की बाकीच्याही येतात टोचायला,
ज्यांचं काही भांडण नव्हतं त्यासुद्धा.
जांभळं औषध लावलं. लाल झाकलं.

आणि मग नव्यांना नाही,
मुकादमिणीला डाललं.
कोपऱ्यात, डालग्याखाली, वर दगडी पाटा.
"जुनीला डालतंस?" भिवरीबाय हसली,
मग हसायची थांबली.

पहिल्या दिवशी तिने शिव्या दिल्या.
दुसऱ्या दिवशी दाण्याला तोंड लावलं नाही,
मलाही भात गेला नाही.
तिसऱ्या दिवशी डालग्याखाली अंडं.
ते उचलताना तिने माझा हात टोचला नाही,
हे मला आवडलं नाही.

सोडलं तेव्हा तिच्या टोकाला चितळी बसलेली.
तिने मान वर केली.
चितळी बघत राहिली, एका डोळ्याने.
मुकादमीण बराच वेळ खाली उभी होती,
जणू काहीतरी विसरलंय.
मग उडाली, मधेच कुठेतरी बसली,
तिच्या एका अंगाला लंगडी,
दुसऱ्या अंगाला थोडी फट,
आणि फटीपलीकडे ती जांभळ्या पाठीची.

आता रोज रात्री टॉर्च घेऊन जातो.
त्या फटीत आधी माझा पंजा मावायचा.
परवा चार बोटं.
आज तीन, आणि जराशी जागा.
उद्या वाढेलही, सांगता येत नाही.

"किती?" लोकेश वरून कुजबुजतो.
"दहा."
"मी येऊ खाली?"
ये म्हणालो. चपला जिन्यातच काढ.
आणि टॉर्चवर बोटं धर,
बोटांतून गळतो
तेवढाच उजेड त्यांना चालतो.