अंबू बॅग

रमशीला कुमरेच्या कानामागे दोन टिंबं,
पेन टेकवून उचलल्यासारखी.
मण्यार एवढीच सही करते.
तीन वाजता पापण्या पडल्या,
मग बोलणं, मग श्वास.

सिस्टरने फ्रीजमधल्या दहाही कुप्या सलाईनमध्ये सोडल्या
आणि निळी पिशवी माझ्या हातात दिली:
दाब. सोड. थांबायचं नाही.

जिल्हा सत्तर किलोमीटर.
मी कंत्राटी शिपाई, पगार मार्चपासून अडकलेला.
समोर तिचा नवरा, यादो.
"किती लागन जी?"
मोहाची दोन पोती त्यानं मनात विकून टाकलेली.
"काही नाही."
"काही नाही म्हंजे किती?"

दाब. सोड.
कसं सांगू, यादो,
तुझ्या बिडीकट्ट्यातले, साबणाच्या वडीतले पैसे आहेत हे.
पुण्यात कोणी बूट घेतले असतील, त्यातलेही.
त्याला तुझी बायको माहीत नाही.
त्याची हवा मात्र तिच्या छातीत चाललीय.

तालुक्याच्या वळणावर काचेचा दवाखाना लखलखत होता.
श्वास तिथेही मिळतो,
आधी काउंटरवर मोजून.
गाडी थांबली नाही.
माझी बोटं आखडली तेव्हा यादोने पिशवी घेतली,
मग नणंदेने,
मग पुन्हा मी.

उजाडताना मशीनने तिला आमच्याकडून घेतलं.
वाचेल का, डॉक्टर बोलले नाहीत.
टपरीवर माझी मूठ अजून
मिटत होती, उघडत होती.
चहाचे पैसे यादोने दिले.
मी नको म्हटलं नाही.