पाच वाजताची पाळी

तळघरात आठ मशिनं, आठ खुर्च्या.
पाणी सगळ्यांना एकच.
जलूदहून नर्मदा घाट चढून इंदुरात येते,
आमच्या टाक्यांतून गाळून गाळून
इतकी कोरी होते
की तिला कुणाचं नाव, गाव, काहीच आठवत नाही.

आठवायचं काम माझं. मी काउंटरवर बसते.
कुठं दुखतंय ते आतले विचारतात.
मी विचारते, कार्ड कुठलं?

पहाटे पाचची पाळी आयुष्मानची.
गेंदालालजी देपालपूरहून अडीचला निघतात
दुधाच्या पिकअपमध्ये, कॅनांच्या मधे उकिडवे.
त्यांचा अंगठा उमटत नाही.
मंडीत लसूण सोलून सोलून रेषा गेल्यात.
पुसा, म्हणते मी. पुन्हा. थोडं दाबून.
ते अंगठा उलटसुलट करून बघतात:
"बई, हाथ तो मेरा ही है."
त्यांचा फिल्टर सहाव्यांदा धुतलेला,
वर मार्करनं नाव, शेवटचा 'ल' पुसट झालेला.

अकराची पाळी कॅशलेसची.
टिळकनगरचे खानवलकर काका, बँकेतून निवृत्त,
शब्दकोडं घेऊन येतात.
त्यांच्यासाठी दर वेळी नवा फिल्टर;
प्लास्टिक फाटल्याचा आवाज काउंटरपर्यंत येतो.
"काय गं, डबा खाल्लास का?" मराठीत विचारतात.
त्यांचा मला राग येत नाही.
यायला हवा होता का, हे कधीतरी
बसमध्ये मनात येतं, आणि नवलखा येतं.

शेव मात्र दोघांनाही मना.
काका म्हणतात, मग इंदुरात राहायचं तरी कशाला!
गेंदालालजींनी एकदा धोतराची गाठ सोडून दाखवली.
आत चिमूटभर लवंगी शेव.
खात नाही, म्हणाले. वास घेतो.

मागच्या मंगळवारी
अंगठा लागेपर्यंत साडेसात झाले.
पाळी निघून गेली.
काका लेकीकडे पुण्याला गेलेले,
तीन नंबरची खुर्ची अकरापासून तीनपर्यंत
पांढरी चादर अंथरून रिकामी.
स्क्रीनवर मी तीनदा नाव टाकलं.
तीनदा आलं: हा स्लॉट या योजनेसाठी नाही.
गेंदालालजी बाकावर बसून होते.
सुजलेले पाय चपलेत मावेनात,
म्हणून चपला हातात.
मी म्हटलं, उद्या या.
मीच म्हटलं. मशीन नाही म्हणालं.

त्याच संध्याकाळी मला पत्र मिळालं.
अभिनंदन, पगारवाढ, रुपये साडेआठशे.
हिशेब मला शिकवावा लागत नाही:
एकवीस हजारांच्या वर गेलं की
कामगार विमा सुटतो.
सहामाही संपली की नंदानगरच्या रांगेतून
आईचं नाव जाईल.
आयुष्मानला आम्ही बसत नाही,
कॅशलेस ऑफिसरांपासून वर.
आईचं क्रिएटिनिन चार पूर्णांक एक.

अर्ज लिहिला:
कृपया वाढ परत घ्यावी.
एचआरचा पोरगा हसला. मग हसायचा थांबला.
"दीदी, इसका तो फॉरमॅट ही नहीं है."

आमच्या गल्लीत एक दिवसाआड नर्मदा येते.
आज तिचा दिवस. बादल्या भरल्या,
पिंप भरलं, वर झाकण ठेवलं.
आईनं दिवसभराचं पाणी
एका तांब्यात मोजून ओट्यावर ठेवलंय,
आणि मधूनमधून तांब्याकडे बघते,
कुणी उचलून नेईल की काय, असं.

रात्री ती झोपल्यावर
मी तिचा अंगठा मोबाईलच्या उजेडात धरून पाहिला.
आहेत रेषा.
अजून आहेत.