लाइनवर राहा

तन्मय हे नाव मीच ठेवलं,
बारशाला, पाळण्याची दोरी धरून.
आता शाळेतल्या बाई ते उच्चारताना
जरा थांबतात, हसू गिळतात.
या वर्षात चौथी पाण्याची बाटली हरवली,
डब्याचं झाकण, एक मोजा,
आणि मराठीच्या वहीतली मधली सोळा पानं,
ज्यांची विमानं ढोबळेंच्या गच्चीवर उतरली.

"लाड आहेत तुमचे, दुसरं काही नाही,"
ढोबळे वहिनी म्हणतात, विमानं परत देताना.
"आमच्या वेळी होते का बाप्पा असे पोट्टे?"
होते.
मागच्या भिंतीशी, अंगठे धरून.

एकोणीस वर्षं मी ट्रंक एक्स्चेंजला बसले.
कानावर हेडफोन, पुढ्यात दोऱ्यांचं जाळं,
आणि निकालाच्या दिवशी, दिवाळीच्या तोंडावर
सगळे दिवे एकदम लागायचे:
भंडारा, रायपूर, चांदा, अमरावती,
कुणाचा बाप गेला, कुणाला मुलगी झाली,
कुणी नुसतंच हॅलो हॅलो करून राहिलं.
आधी कोणाला घेऊ?

रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी पॅडवर
त्याच्या डोक्याचं चित्र काढून दाखवलं, तेव्हा
वृषाली रडली.
मला ओळखीचं वाटलं.
पोरगं ऐकत नाही असं नाही,
सगळ्यांचंच ऐकून राहिलं ते, एका वेळी.

माझं उलट.
माझा बोर्ड कधी कधी आठ-आठ दिवस काळा.
दूध उतू जाताना दिसतं
आणि हात गॅसपर्यंत पोचत नाही.
माझी अर्धी गोळी फ्रिजवर, त्याच्या डबीला लागून.
लोकांना मी बीपी सांगते.
त्यालाही बीपीच सांगितलं.
"पण तू तो पट्टा तर कधीच लावत नाहीस,"
म्हणाला, आणि उत्तराच्या आधी सायकलवर.
लक्ष नसतं म्हणे त्याचं.

एप्रिलची ती दुपार, पारा पंचेचाळीसच्या वर.
मी भिंतीकडे तोंड करून पडलेली, वेणी न घालता.
कूलरमध्ये पाणी भर, म्हटलं.
त्यानं पाइप लावला, नळ सोडला
आणि खारीच्या मागे गेला.
पाणी खोलीत, गादीखाली,
वृषालीच्या ऑफिसच्या कागदांवर.
मी उठले. तीन दिवसांत पहिल्यांदा उठले
आणि हात उगारला.

लागला नाही.
हे मी स्वतःला फार वेळा सांगते.
पण त्यानं डोळे मिटले, सवय असल्यासारखे,
आणि ते मी पाहिलं.

मग मोरीत कडी लावून बसले, बादलीचा काठ धरून.
थोड्या वेळानं दाराखाली चार बोटं आली.
"आजी, दिसणाऱ्या पाच वस्तू सांग.
थेरपीवाल्या ताई मला सांगतात ना, तसं."
मी गप्प.
"बरं, मी सांगतो. तुझी चप्पल.
दाराचा खिळा.
मुंगळा. अगं, हा साखर घेऊन जाऊन राहिला—"
आणि गेला.

चौथी: साबणाची चिपटी, माझ्या बोटाच्या खुणेसकट.
पाचवी सापडायला वेळ लागला.
दाराखाली, बोटं होती तिथे,
चार ओले ठिपके. वाळत चाललेले.

कडी काढली. वायपर घेतला.
तो स्वयंपाकघरात पालथा पडून,
मुंगळ्यांच्या रांगेला नाक लावून,
दोनदा हाक मारली तरी हलला नाही.
घड्याळ पाहिलं मी. वीस मिनिटं.
बाईंना सांगायला हवं.
नाही सांगितलं अजून.

रात्री जेवताना म्हटलं, माझी गोळी बीपीची नाही.
"मग कशाची?"
माझ्या बोर्डावर कधी कधी दिवे लागत नाहीत.
"बोर्ड म्हणजे?"
सांगायला लागले: दोऱ्या, भोकं, चांद्याचा दिवा,
तोवर तो उठून खिडकीत,
कुल्फीवाल्याची घंटी.

लाइनवर राहा, म्हणायचो आम्ही, लावून देते.
पुढचं वाक्य तसंच हातात धरून
मी पानावर बसून राहिले.
भात गार झाला थोडा.