समुद्रापासून पाच मिनिटं

मी टाइप केलं : समुद्रापासून पाच मिनिटं.
भाईंनी चष्मा कपाळावर ढकलला.
"कोणाची पाच? माझी, की तुझ्या आवशीची?
आणि भरतीक, की सुकतीक?"

चाळीस वर्षं त्यांनी जागा दाखवल्या त्या चालत,
पायजमा दुमडून, हातात कोयती,
पुढे भाई, मागे गिऱ्हाईक,
त्याच्याही मागे गिऱ्हाइकाचा संशय.
जाहिरात म्हणजे वेंगुर्ल्याच्या मासळीबाजारात
सुरमईचा भाव करता करता
कुणीतरी कुणाला तरी सांगायचं,
"केळुसकराकडे जा. लुबाडूचो नाय."

तसं सांगणारे आता निम्मे वारले.
उरलेल्यांची मुलं फोनवर बघतात.
म्हणून एस.टी. स्टँडमागच्या आमच्या गाळ्यात
भाईंच्या टेबलाला काटकोनात माझं टेबल लागलं,
आणि आमच्या पाटीखाली
माझा नंबर, जरा वेगळ्या रंगात,
कारण पेंटरकडचा लाल संपला होता.

समोर फ्लेक्सवर पुण्याची कंपनी :
निळंशार पाणी, टोपी घातलेली बाई, एक माड.
तो माड आमच्याकडचा नव्हे,
झावळ्यांवरूनच कळतं.
आमचं बजेट तीन हजार
आणि मावसभावाचा ड्रोन,
जो पहिल्याच दिवशी घारीनं पाडला.
"वरसून गडगो दिसणा नाय," भाई म्हणाले,
"माणूस जागा घेता तां खालसून."

जागा मोचेमाडची, अकरा गुंठे.
सातबाऱ्यावर नऊ नावं,
दोघे देवाघरी, एक नालासोपाऱ्याला.
देवाघरचे आधी सापडतील, असं भाईंचं मत.

आई काही लिहीत नाही.
मी स्कूटरवरून त्याच जागेतल्या विहिरीचं पाणी
कॅनमधून आणते,
गिऱ्हाईक बसलं की आई तेच पेल्यात पुढे करते.
मे महिन्यात.
एक घोट, आणि माणसाचं तोंड असं होतं
की पुढचं बोलणं सगळं खरंच करावं लागतं.
परवा कोल्हापूरचे एक डॉक्टर
पेला तसाच ठेवून उठले,
मी त्यांच्या गाडीमागे थोडी धावले,
मग स्टँडवरच्या सगळ्यांसमोर
चप्पल शोधत परत आले.
"अगे, बोलव नको कोणाक," आई म्हणाली,
"तहान लागली की येतत."

त्या रात्री मी राग राग करून,
भाईंना खिजवायला म्हणूनच,
जाहिरात परत लिहिली :

*अकरा गुंठे. समुद्र भरतीला नऊ मिनिटं, सुकतीला चौदा,
बासष्ट वर्षांच्या पायांनी.
विहीर बारमाही; एप्रिल-मे मचूळ.
वाट तोंडी आहे, कागदावर यायची आहे,
येईपर्यंत आम्ही एक रुपया घेणार नाही.
पूर्वेच्या गडग्यापलीकडचा फणस शेजाऱ्यांचा,
फणस मात्र अलीकडे पडतात.
भांडण अजून झालेलं नाही.*

भाईंनी सकाळी दोनदा वाचलं.
ओठ हलत होते, जसे खरेदीखत वाचताना हलतात.
मी वाट बघत होते आता ओरडतील म्हणून.
"फणसाचां वरती घाल," ते म्हणाले,
आणि चहा सांगायला गेले.

चार दिवस कुणाचा फोन नाही.
पुण्याच्या फ्लेक्सचा एक कोपरा वाऱ्यानं सुटला,
दिवसभर फडफडत राहिला बाईच्या टोपीवर.
मी जुन्या फायलींना नवे दोरे बांधले.

पाचव्या दिवशी गडहिंग्लजहून एक बाई,
आवाजावरून निवृत्त शिक्षिका.
किंमत नाही, सातबारा नाही, समुद्र नाही.
"एवढंच सांगा," म्हणाल्या,
"फणस कापा की बरका?"

मला माहीत नव्हतं.
मी फोन भाईंकडे दिला.
त्यांनी धोतराला पुसावेत तसे
पायजम्याला हात पुसले,
खुर्चीत सरळ बसले,
आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा
न चालता
जागा दाखवायला लागले.