सहाव्या लेव्हलचा हिशोब

फैजपूरला केळी-ग्रुपच्या ऑफिसवर जी खोली आहे
तिथून रविवारी दुपारी आम्ही चौघं
नऊ वर्षं एकाच डोंगराकडे चाललो आहोत.

डोंगर कागदावरचा. पहिल्या दिवशी मीच काढला,
खिडकीतून सातपुडा दिसला तसा, बॉलपेननं,
आणि त्याच्या पोटात ठेवला आग ओकणारा एक अजगर,
विसाव्या लेव्हलला मारायचा.

मे महिन्यात पंखा लावता येत नाही, कागद उडतात.
पारा सेहेचाळीस, आणि लीलाधर झोपे
ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बर्फाची खिंड ओलांडतो,
थंडीनं दोन पॉइंट गमावतो.

हर्षाली भंगाळे चोर. एरवी बँकेत, कॅशला.
रुबाब तडवी जखमा भरणारा वैदू.
एरवी टेम्पोतून टिश्यूची रोपं पोचवतो सावद्यापासून रावेरपर्यंत.
मी कुणीच नाही. मी ऊन, दरी, लांडगे,
सरायवाला म्हातारा, राजाची रुसलेली बहीण.

परवा लीलाधरचा आतेभाऊ आला पुण्याहून.
वही चाळली. हसला.
नऊ वर्षं, आणि सहावी लेव्हल?
आमची अख्खी कॅम्पेन आठ महिन्यांत विसावर गेली,
दर दोन बैठकांना एक लेव्हल, नाहीतर पोरं टिकत नाहीत.
मग पुढे काय झालं, हर्षालीनं विचारलं.
पुढे काय, संपली.

तो गेल्यावर मी मागच्या पानावर गणित मांडलं.
नऊ वर्षांत पाच चढलो. चौदा उरल्या.
म्हणजे अजून पंचवीस वर्षं आणि वर काही रविवार.
अजगरासमोर उभे राहू तेव्हा मी साठीला टेकलेला,
लीलाधरला फाशावरचा आकडा वाचून दाखवावा लागेल.

रुबाब म्हणाला, काब्र घाई भो,
कांदेबाग लावायची अन् मृगबागेसंगं निसवली पाहिजे म्हणायचं?

खरं तर मीच कंजूष.
चौथी दिली ती गुहेतल्या बाईला न मारता परत फिरले म्हणून.
पाचवी वादळाच्या वर्षी. बागा आडव्या झाल्या होत्या,
चार महिने कुणी जिना चढलं नाही,
आणि परत बसलो तेव्हा कुणी काहीच जिंकलं नव्हतं.
तरी दिली. कुणी कारण विचारलं नाही.

त्या संध्याकाळी हर्षालीचा फासा घरंगळला
लोखंडी कपाटाखाली.
चौघांनी जोर लावून कपाट सरकवलं
तर मागे दोन फासे.
एक आताचा, तीन दाखवणारा.
दुसरा निळा, धुळीत रुतलेला, एकोणीस वर.

लीलाधर खालीच बसला.
हा निळा त्याचा. दुसऱ्या लेव्हलला, पुलावर,
चंदर मशालवाल्याला वाचवायला टाकला होता आणि गायब झाला.
मग उसना फासा टाकला, दोन पडले,
चंदर नदीत गेला. सात वर्षं झाली.

झाडू लागला असेल त्याला, हर्षाली म्हणाली,
नोट उजेडात धरून बघतात तसं डोळे बारीक करून.
रुबाबनं मोबाइलची बॅटरी मारली, धुळीचा थर दाखवला,
फाशाभोवती कुठं ओरखडा नाही.
सगळे माझ्याकडे बघायला लागले.
खाली ऑफिसात कुणीतरी केळीचा आजचा भाव फळ्यावर लिहीत होतं,
खडूचा आवाज वर येत होता.

पण दुसऱ्या लेव्हलचा आहे तो, मी म्हणालो,
तुम्ही सहाव्या. मागे पडेल. त्याला सांभाळत
चालावं लागेल. उशीर होईल.

होऊ दे ना, लीलाधर म्हणाला.

मी नवं पान उघडलं. गणिताचं फाडलं नाही,
फक्त पंचवीस खोडून तिथं जागा ठेवली.
नदीच्या पाच कोस खाली, वाळूवर,
एक माणूस खोकत उठून बसला
आणि त्यानं पहिलं विचारलं,
माझी मशाल कुणाकडं आहे.